थेट मातीत जाणारी नळी

जुन्या कॅथलिक चर्चमध्ये वेदीच्या मागे किंवा बाजूला एक खोली असते. तिला सॅक्रिस्टी म्हणतात. फादरांचे झगे, चषक, मेणबत्त्या, जाडजूड पुस्तकं असं सगळं तिथे ठेवलेलं असतं. काही सॅक्रिस्टींमध्ये दोन बेसिन दिसतात. एक साधं, हात धुण्याचं. दुसऱ्यावर बहुधा झाकण असतं आणि त्याच्या नळीचा रस्ता निराळा असतो. ही नळी गटाराला मिळत नाही. भिंतीतून किंवा फरशीखालून उतरून ती थेट मातीत सुटते. या बेसिनचं नाव सॅक्रेरियम.

इमारत बांधताना एक नळी मुद्दाम ड्रेनेजला न जोडता जमिनीत सोडायची, हा खटाटोप काही थेंबांसाठी आणि काही कणांसाठी आहे. पवित्र मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची कॅथलिक उपासना, संपल्यावर उरलेल्या भाकरीचं आणि द्राक्षारसाचं काय करायचं, या प्रश्नाचं ते दगडविटांमध्ये दिलेलं उत्तर आहे. या प्रश्नाच्या मागे मी जितका गेलो तितका थक्क होत गेलो. एखाद्या पंथाची खरी श्रद्धा काय, हे प्रवचनातून कळतं त्याहून स्पष्ट त्या दहा मिनिटांत कळतं, जेव्हा लोक उठून गेलेले असतात आणि कुणीतरी भांडी आवरत असतं.

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी एक जेवण आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भाकर मोडली, द्राक्षारसाचा पेला फिरवला, हे आपलं शरीर आणि हे आपलं रक्त असं सांगितलं, आणि आपल्या आठवणीसाठी असंच करत राहायला सांगितलं. ते जेवण आजवर थांबलेलं नाही. आणि जेवण म्हटलं की उरणं आलंच. किती माणसं येतील याचा अंदाज चुकतो, भाकर मोडताना चुरा पडतो, पेल्याच्या तळाशी घोटभर राहतंच.

कॅथलिक श्रद्धेनुसार पवित्रीकरणाची प्रार्थना झाली की भाकरीचं मूळ तत्त्व बदलतं. रंग, वास, चव, वजन जसंच्या तसं राहतं, पण ती आता ख्रिस्ताचं शरीर असते. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने या परिवर्तनाला अधिकृत शब्द दिला. त्याच परिषदेने आणखी एक कलम केलं: ही भाकर सर्व चर्चमध्ये कुलपात ठेवायची, आणि ज्याच्या निष्काळजीपणाने ती उघड्यावर राहील त्याला तीन महिने पदावरून दूर करायचं. ही दोन्ही कलमं एकाच बैठकीत व्हावीत, हे मला फार बोलकं वाटतं. तत्त्व मान्य झालं की लगेच किल्लीची जबाबदारी कुणाची, हेही ठरवावं लागतं.

पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. हे परिवर्तन टिकतं किती वेळ? भाकर शिळी झाली, तिला बुरशी आली, ती पाण्यात विरघळली, तर काय? तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने याचं नेमकं उत्तर दिलं. जोवर भाकरीचं रूप शाबूत आहे, तोवर ख्रिस्ताची उपस्थिती आहे. भाकर कुजून, विरघळून किंवा पचून भाकर म्हणून उरलीच नाही, की ती उपस्थितीही संपते.

या एका वाक्यातून पुढची सगळी व्यवस्था उलगडते. मिस्सामध्ये वापरतात ती ओस्त म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी यांची, खमीर न घालता दोन तापलेल्या लोखंडी पत्र्यांमध्ये भाजलेली पातळ गोल चकती. समजा ती खाली पडली, मळली, खाण्याजोगी राहिली नाही. मग ती पाण्याच्या छोट्या भांड्यात घालून झाकून ठेवतात. काही दिवसांत कडा मऊ होतात, पीठ सुटतं, चकतीचा आकार जातो आणि तळाशी पांढुरका गाळ उरतो. आता ती भाकर नाही. आता ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओतायचं. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर त्या गढूळ पाण्यात आता काहीच पवित्र उरलेलं नाही, तरीही ते गटारात जात नाही. देवावरून उतरवलेलं निर्माल्य आपण पायदळी येईल अशा जागी टाकत नाही, त्यामागची भावना हीच आहे.

मध्ययुगातल्या पंडितांना आणखी एका प्रश्नाने छळलं होतं. चर्चमध्ये उंदीर असतात. उंदराने पवित्र केलेली भाकर कुरतडली, तर त्याने नेमकं काय खाल्लं? ऐकायला पोरकट वाटेल, पण हा प्रश्न पॅरिसच्या विद्यापीठात पूर्ण गांभीर्याने चर्चिला गेला. बाराव्या शतकातला पीटर लोम्बार्ड, ज्याचा ग्रंथ पुढे शतकानुशतकं धर्मशास्त्राचं पाठ्यपुस्तक होता, त्याने इथे हात टेकले आणि ते देवच जाणे असं लिहून ठेवलं. अक्वायनस मात्र मागे हटला नाही. भाकरीचं रूप आहे तोवर उपस्थिती आहे, मग खाणारा उंदीर असो की कुत्रा, असं त्याने सांगितलं. उंदराला त्यातून कृपा मिळत नाही, पण खाणारा कोण यावर वस्तूचं सत्य ठरत नाही. स्वतःच्या तर्काशी इतकं प्रामाणिक राहणं मला विलक्षण वाटतं. सोयीचं उत्तर समोर असताना त्याने ते घेतलं नाही.

१५७० साली पोप पायस पाचव्याने प्रसिद्ध केलेल्या रोमन मिस्सा-ग्रंथात एक प्रकरण केवळ घोटाळ्यांसाठी आहे. मिस्सा चालू असताना काय काय बिघडू शकतं आणि मग काय करायचं, याची ती अतिशय तपशीलवार सूचनावली आहे. चषकात पवित्रीकरणानंतर माशी किंवा कोळी पडला आणि फादरांना किळस आली, तर तो बाहेर काढायचा, द्राक्षारसाने धुवायचा, मिस्सा संपल्यावर जाळायचा, आणि राख व धुतलेला रस सॅक्रेरियममध्ये टाकायचा. चषकातला थेंब जमिनीवर सांडला तर तो जिभेने टिपून घ्यायचा, मग तेवढी जागा खरवडायची, खरवडलेलं जाळायचं, आणि ती राख सॅक्रेरियममध्ये. वेदीवरच्या कापडावर सांडलं तर कापड तीनदा धुवायचं. कडाक्याच्या थंडीत चषकातला रस गोठला, तर चषकाभोवती गरम कापडं गुंडाळायची, हेसुद्धा तिथे लिहिलेलं आहे. बर्फाळ गावातला एखादा फादर पहाटे गोठलेल्या चषकाकडे हताश होऊन पाहत उभा राहिला असेल, तेव्हाच हा नियम कुणाला तरी सुचला असणार.

आजचे नियम सौम्य आहेत. सांडलेली जागा पाण्याने धुवायची आणि ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओतायचं, एवढंच. पण रोजच्या आवराआवरीतली काळजी तीच आहे. पुढच्या वेळी मिस्साला गेलात, तर लोक ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर परतल्यावर वेदीकडे नीट पाहा. फादर तबकडी चषकावर तिरकी धरतात आणि बोटाने कण चषकात उतरवतात. बोटांना काही चिकटलं असेल तर तेही चषकावरच पुसतात किंवा धुतात. मग चषकात थोडं पाणी घालतात, ते फिरवतात आणि पिऊन टाकतात. मग एका लांबट लिननच्या रुमालाने चषक आतून कोरडा करतात. वेदीवर अंथरलेलं चौकोनी कापड आत घड्या घालत मिटतात, म्हणजे त्यावर पडलेला कण आतच राहतो. ही कापडं कपड्यांच्या ढिगात जात नाहीत. आधी ती वेगळी पाण्यात बुचकळतात आणि ते पहिलं पाणी पुन्हा त्याच बेसिनमध्ये जातं. चषक धातूचा असावा, काच किंवा मातीचा नसावा, हा व्हॅटिकनचा २००४ सालचा नियमही यातूनच आलेला आहे. काच फुटते, कच्ची माती रस शोषून घेते.

द्राक्षारसाच्या बाबतीत तर पर्यायच ठेवलेला नाही. उरलेली भाकर जपून ठेवता येते, उरलेला रस तिथल्या तिथे पिऊनच संपवायचा. भाकर गिळू न शकणाऱ्या आजाऱ्यासाठी थोडा ठेवण्याचा अपवाद आहे, बाकी नाही. कारण उघड आहे. उघडा रस आंबतो, त्याचा शिरका होतो, तो सांडतो. तो जमिनीत ओतायलाही मनाई आहे, सॅक्रेरियममध्येसुद्धा नाही, कारण रसाचं रूप अजून शाबूत असतं. पवित्र केलेली भाकर किंवा रस मुद्दाम फेकून देणं हा कॅथलिक कायद्यात सर्वात गंभीर गुन्ह्यांपैकी एक आहे आणि त्याची शिक्षा थेट बहिष्कार. मात्र बाजूच्या छोट्या सुरईत पवित्र न केलेला जो रस राहतो, तो निव्वळ वाइन. एकाच बाटलीतून आलेले दोन घोट. एक वेदीवरच्या चषकात गेला, दुसरा सुरईत राहिला, आणि त्यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. या घोटाची निकड सरकारांनीही ओळखली होती. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीला लागणाऱ्या वाइनसाठी स्वतंत्र तरतूद ठेवावी लागली.

उरलेली भाकर जाते टॅबरनॅकलमध्ये. ही कुलूपबंद पेटी, तिच्याजवळ सतत जळणारा दिवा. त्या दिव्याचा अर्थ आत भाकर आहे. मुळात ही साठवण आली ती जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी. इसवी सन १५५ च्या आसपास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं आहे. भाकर वाटून झाली की सेवक ती गैरहजर असलेल्यांच्या घरी पोहोचवतात, असं तो सांगतो. चर्चच्या इमारती उभ्या राहण्याच्या आधीपासून आजाऱ्याचा वाटा काढून ठेवलेला होता. पाचव्या शतकात रोमचे बिशप रविवारी आपल्या मिस्सामधल्या भाकरीचा तुकडा शहरातल्या इतर चर्चना पाठवत. तिथला फादर तो आपल्या चषकात टाकी. पोप इनोसंट पहिल्याने ४१६ साली लिहिलेल्या पत्रात ही प्रथा नोंदलेली आहे, आणि तुकडा फार दूर नेऊ नये असंही त्यात सांगितलेलं आहे. एका शहरातली सगळी चर्च एकाच भाकरीने जोडलेली राहावीत, ही कल्पना मला अजूनही मोहवते.

पण भाकर फारच उरली तर? त्या काळी चकत्या नव्हत्या, खऱ्या भाकरी होत्या. सहाव्या शतकातला इतिहासकार इव्हॅग्रियस कॉन्स्टँटिनोपलची जुनी रीत सांगतो: खूप तुकडे उरले की शाळेत जाणाऱ्या लहान मुलांना बोलवायचं आणि त्यांना ते खायला द्यायचे. फ्रान्समधल्या माकोंच्या ५८५ सालच्या परिषदेनेही तसाच नियम केला. बुधवारी किंवा शुक्रवारी निष्पाप मुलांना चर्चमध्ये आणायचं, त्यांना उपाशी ठेवायचं आणि द्राक्षारस शिंपडलेले उरलेले तुकडे द्यायचे. सगळ्या शास्त्रार्थातून वाट काढत शेवटी प्रश्न भुकेल्या पोरांपाशी येऊन सुटला, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही खमीर घातलेली जाड भाकर असते. तिच्या मधला चौकोन भाल्याच्या आकाराच्या छोट्या सुरीने कापून घेतात आणि तेवढाच पवित्र करतात. बाजूचा भाग आशीर्वादाची भाकर म्हणून उपासनेनंतर सगळ्यांना वाटतात. चषकात भाकर आणि रस एकत्रच असतो आणि उरलेलं सगळं डीकन, म्हणजे फादरांचा मदतनीस सेवक, संपवतो, गरम पाण्याने चषक धुऊन पितो. मोठ्या सणाला हे बरंच असू शकतं आणि ते त्याला एकट्यालाच संपवावं लागतं.

सोळाव्या शतकात युरोपात धर्म दुभंगला आणि भांडी आवरण्याचा प्रश्न एकदम स्फोटक झाला. १५४३ साली जर्मनीतल्या आइसलेबेनमध्ये सिमोन वोल्फेरिनुस नावाचा ल्युथरपंथी पाळक उरलेली पवित्र भाकर आणि रस साध्या भाकरी-रसात मिसळून ठेवू लागला. त्याचं म्हणणं, विधी संपला की ती पुन्हा साधी भाकर. आइसलेबेन हे खुद्द मार्टिन ल्युथरचं जन्मगाव. तिथली ही बातमी कळली तेव्हा ल्युथर कमालीचा संतापला आणि त्याने लागोपाठ दोन पत्रं पाठवली. विटेनबर्गमध्ये आम्ही करतो तसं कर, असं त्याने बजावलं: जे उरेल ते तिथल्या लोकांबरोबर खाऊन पिऊन टाक, म्हणजे हा विधी नेमका कोणत्या क्षणी संपतो, या घातक वादात पडायचीच गरज नाही. जो माणूस पोपशी भिडायला कचरला नाही, तो भांड्यातल्या उरलेल्या घोटापुढे एवढा सावध झाला. कारण या प्रश्नाचं टोक कुठे जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

इंग्लंडमध्ये हाच झगडा एका ओळीवर झाला. १५५२ सालच्या प्रार्थना-पुस्तकात उरलेली भाकर आणि वाइन पाळकाने स्वतःसाठी वापरावी, एवढंच म्हटलेलं होतं. म्हणजे घरी नेऊन जेवणात घेतली तरी चालेल. १६६२ च्या पुस्तकाने दोन वाटा केल्या. पवित्र न केलेलं पाळकाचं. पवित्र केलेलं चर्चच्या बाहेर न्यायचं नाही, पाळकाने आणि इतर काही जणांनी ते तिथेच आदराने संपवायचं. मधल्या एकशे दहा वर्षांत एका राजाचं डोकं उडालं, यादवी युद्ध झालं, राजेशाही गेली आणि परत आली. त्या सगळ्या उलथापालथीनंतर हा छोटासा नियम बदललेला दिसतो. अनेक प्रॉटेस्टंट पंथांमध्ये मात्र ही भाकर आठवणीची खूण आहे, तिचं तत्त्व बदलत नाही, त्यामुळे उरलेली भाकर खाल्ली काय, पाखरांना घातली काय, अडचण नसते.

एक उरणं असंही आहे ज्याला कुठलाच शास्त्रार्थ लागत नाही. भाजलेल्या मोठ्या पातळ थरातून गोल ओस्ती कापून काढल्या की मधली जाळी शिल्लक राहते. कॅनडातल्या क्विबेकमध्ये ही कात्रणं पिशव्यांत भरून दुकानात खाऊ म्हणून विकली जातात, मेक्सिकोमध्येही लोक ती आवडीने खातात. तोच गहू, तोच पत्रा, तीच आच. साच्याच्या कडेच्या आत जे आलं ते पुढे कुलपात जाणार आणि बाहेर राहिलं ते मुलं कुरकुरत खाणार.

साठवलेल्या भाकरीने एक भीषण प्रकरणही घडवलं, ते टाळून पुढे जाता येत नाही. दमट हवेत ठेवलेल्या भाकरीवर कधी कधी लालभडक ओले डाग येतात. मध्ययुगात लोकांनी ते रक्त मानलं. त्यातून एकीकडे चमत्कारांच्या कथा निघाल्या आणि दुसरीकडे ज्यूंनी ओस्त भोसकली असा आरोप. १२९८ साली जर्मनीतल्या रॉटिंगेनमध्ये ओस्तीची विटंबना झाल्याच्या अफवेवरून आसपासच्या फ्रँकोनिया प्रांतात गावोगाव ज्यूंच्या कत्तली झाल्या. पुढे १८१९ साली इटलीत पादुआजवळच्या एका गावात मक्याच्या शिजवलेल्या पिठावर असेच लाल डाग आले आणि लोक घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने ते तपासलं आणि हा एक सूक्ष्म जीव असल्याचं दाखवलं. त्याला त्याने सेराशिया हे नाव दिलं. हा जीवाणू ओस्तीवर वाढवला की रक्तासारखे डाग पडतात, हे पुढे प्रयोगशाळेत दाखवून झालं आहे. हे १२९८ मध्ये कुणाला माहीत असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

उरलेला तुकडा जपणं किती टोकाला जाऊ शकतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वात मोठं उदाहरण व्हिएतनाममधलं आहे. बिशप फ्रांस्वा-झेव्हियर न्गुएन व्हान थुआन यांना १९७५ साली कम्युनिस्ट सरकारने अटक केली. तेरा वर्षं ते कैदेत होते, त्यातली नऊ एकांतात. पोटाच्या औषधाच्या नावाखाली त्यांनी थोडी वाइन मागवली. हितचिंतकांनी बाटलीवर तशीच चिठ्ठी लावून ती पाठवली आणि ओस्तीचे तुकडे टॉर्चमध्ये लपवले, म्हणजे दमट हवा लागणार नाही. मग तळहातावर वाइनचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब, हाच चषक आणि हीच वेदी. छावणीत रात्री दिवे गेले की ते अंधारात पाठ असलेली मिस्सा म्हणत आणि मच्छरदाणीखालून तुकडे इतर कैद्यांकडे सरकवत. शिल्लक भाकर ठेवण्यासाठी कैद्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या कागदाच्या पुड्या केल्या होत्या. ते ती पुडी शर्टाच्या खिशात ठेवत. तेच त्यांचं टॅबरनॅकल. पुढे ते कार्डिनल झाले.

अलीकडे ही भाकर पृथ्वीबाहेरही गेली आहे. २०१३ साली अमेरिकी अंतराळवीर माइक हॉपकिन्स आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेला, तेव्हा त्याच्याबरोबर पवित्र केलेल्या सहा ओस्ती होत्या. प्रत्येकीचे चार तुकडे, म्हणजे चोवीस, मोहिमेच्या दर आठवड्याला एक. गैरहजर माणसाचा वाटा पोहोचवण्याची जस्टिनने नोंदलेली रीत इथवर आली.

आणि वर्षातून एक दिवस सगळी कॅथलिक दुनिया या शिल्लक भाकरीवरच असते. गुड फ्रायडेला कुठेही मिस्सा होत नाही, नवी भाकर पवित्र केली जात नाही. आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, दोन दिवसांना पुरेल एवढी भाकर पवित्र करतात आणि रात्री मिरवणुकीने वेगळ्या वेदीवर नेऊन ठेवतात. वसईत, मुंबईत, गोव्यात लोक त्या रात्री तिथे उशिरापर्यंत प्रार्थनेला बसतात. मुख्य टॅबरनॅकल रिकामं, त्याचं दार उघडं. शुक्रवारी जे मिळतं ते कालचंच. त्यातूनही काही उरलं तर ते नजरेआड, दुसऱ्या जागी ठेवतात आणि शनिवारी रात्रीच्या ईस्टर जागरणापर्यंत ते फक्त एकाच माणसाला मिळू शकतं: जो मरणाच्या दारात आहे त्याला.